कॉलमवरून १६८ टक्के उतारा: आयजीजी मोजणाऱ्या किटचं एक प्रकरण

शुद्धीकरण विभागाने अँटिबॉडी पकडून ठेवणाऱ्या प्रोटीन ए कॉलमवर ०.८४ ग्रॅम अँटिबॉडी चढवली. उतरवून घेतली तेव्हा ती १.४१ ग्रॅम भरली. उतारा, म्हणजे चढवलेल्या मालापैकी परत हाती आलेला माल, १६८ टक्के. कॉलममध्ये अँटिबॉडी तयार होत नाही. या टप्प्यावर ९५ टक्के माल हाती लागला तरी लोक खूश असतात. तेव्हा दोनपैकी एक आकडा खोटा आहे, हे कुणी सांगायची गरज नव्हती. शुद्धीकरणवाल्यांनी बेरजा-वजाबाक्या पुन्हा तपासल्या आणि मग कागद आमच्या विश्लेषण विभागाकडे पाठवले.

चढवलेल्या मालाचा आकडा आमचाच होता. तो एका विकतच्या किटवरून आला होता. मानवी आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) मोजणारं, ९६ वेलच्या म्हणजे छोट्या खळग्यांच्या प्लेटचं, कुठल्याही प्रयोगशाळेत दिसेल असं ते किट. उतरलेल्या मालाचा आकडा २८० नॅनोमीटरवरच्या शोषणावरून, म्हणजे प्रथिन त्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं त्यावरून, काढलेला होता. पुढच्या हकिगतीतले आकडे गोल केले आहेत आणि किटच्या कंपनीचं नाव घेतलेलं नाही. नाव सांगून फायदाही नाही, कारण असाच घोळ दुसऱ्या किटवरही सहज होऊ शकतो.

मोजायचं काय होतं

आमचा रेणू, म्हणजे ती अँटिबॉडी, आयजीजीच्या चार जातींपैकी आयजीजी-४ जातीचा होता आणि सीएचओ पेशींमध्ये, म्हणजे चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या पेशींमध्ये तयार केलेला होता. औषधासाठी अँटिबॉडी बनवणारे आयजीजी-४ मुद्दाम निवडतात. लक्ष्याला चिकटायचं, पण रोगप्रतिकारक यंत्रणेला फार चिथवायचं नाही, असं काम असेल तर ही जात बरी पडते. तिची एक खोड मात्र आहे. नैसर्गिक आयजीजी-४ चे रेणू आपापल्या अर्ध्या भागांची एकमेकांशी अदलाबदल करतात. ती थांबवण्यासाठी रेणूच्या मधल्या, बिजागरीच्या भागात २२८ व्या जागेवरचं सेरीन हे अमिनो आम्ल काढून प्रोलीन बसवतात. आमच्या रेणूत तो बदल होता.

पेशी वाढवून झाल्या की त्या फिरवून काढून टाकायच्या आणि वर उरलेल्या द्रवात, सुपरनेटंटमध्ये, अँटिबॉडी किती आहे ते मोजायचं. क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला पेशींचा गट) निवडताना शेकडो छोटी सॅम्पल येतात आणि त्यात अँटिबॉडी इतकी कमी असते की शोषण किंवा एचपीएलसी (द्रव कॉलममधून दाबाने नेऊन घटक वेगळे करून मोजायची पद्धत) यांचा उपयोग नसतो. शिवाय सुपरनेटंटमध्ये इतर प्रथिनंही असतात, त्यामुळे नुसतं शोषण मोजून काहीच कळत नाही. तिथे एलायझा किट, म्हणजे एंझाइमच्या रंगावरून मोजणारं किट, सोयीचं पडतं. पुढे अँटिबॉडी भरपूर मिळायला लागली तरी हातात बसलेलं किट कुणी सोडत नाही. आमच्याकडेही तसंच झालं होतं.

गंमत अशी, की एलायझा पद्धत जन्मली तीच आयजीजी मोजण्यासाठी. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमन यांनी ती मांडली तेव्हा त्यांनी सशाचं आयजीजी मोजून दाखवलं होतं. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये बाउके व्हान वीमेन आणि अँटोन स्खूर्स हे स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. त्याआधी रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची किरणोत्सारी खूण वापरणारी पद्धत होती. तिच्यासाठी यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. एंझाइमने किरणोत्सारी आयोडीन हटवलं आणि ही मोजणी साध्या टेबलावर आली.

आमच्या किटची रचना नेहमीची होती. वेलच्या तळाला मानवी आयजीजी पकडणारी अँटिबॉडी बसवलेली. सॅम्पल घालायचं, धुवायचं. मग पेरॉक्सिडेझ एंझाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी घालायची, पुन्हा धुवायचं. टीएमबी हे रंग देणारं रसायन घातलं की निळा रंग येतो. आम्ल घालून थांबवलं की तो पिवळा होतो आणि रीडर ४५० नॅनोमीटरवर वाचतो. शेजारच्या वेलमध्ये किटबरोबर आलेलं स्टँडर्ड, म्हणजे तीव्रता माहीत असलेलं आयजीजी, १.५६ पासून १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत पायरीपायरीने विरळ करून ठेवलेलं असतं. त्याचा कर्व्ह काढायचा आणि सॅम्पलचा रंग त्या कर्व्हवर कुठे बसतो ते बघायचं. यातला शेवटचा भाग या प्रकरणात कळीचा आहे. रीडरला नॅनोग्रॅम दिसत नाहीत, रंग दिसतो. ‘या सॅम्पलने तेवढाच रंग दिला जेवढा स्टँडर्डच्या ४२ नॅनोग्रॅमने दिला’ एवढंच किट सांगतं.

संशय कुणाकुणावर गेला

पहिला संशय शोषणाच्या आकड्यावर. किट अँटिबॉडी ओळखून मोजतं, तर २८० नॅनोमीटरला कुठलंही प्रथिन शोषतं, त्यामुळे उतरलेल्या मालात भेसळ असणार, असा साधा तर्क होता. पण प्रोटीन ए मधून उतरलेला माल इतका घाण नसतो. प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर दोनच ठळक पट्ट्या होत्या, अँटिबॉडीची जड साखळी आणि हलकी साखळी. आकाराने वेगळं करणाऱ्या कॉलमवर ९८ टक्क्यांच्या वर एकच शिखर. ३५० नॅनोमीटरला शोषण जवळपास शून्य, म्हणजे गढूळपणाने आकडा फुगला असंही नाही. शोषणाचा गुणांक रेणूच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढलेला होता, १.४२. त्याऐवजी सरसकट १.४ धरला तरी फरक दीड टक्क्याचा. ६८ टक्के जादा माल त्यातून निघत नाही.

शंका उरू नये म्हणून शुद्ध मालाचं अमिनो आम्ल विश्लेषण करून घेतलं. त्यात प्रथिन पूर्ण तोडून त्यातली अमिनो आम्लं मोजतात, त्यामुळे शोषण आणि अँटिबॉडीची ओळख या दोन्हींशी त्याचा संबंध नसतो. ते शोषणाच्या आकड्याशी तीन टक्क्यांच्या आत जुळलं. सुपरनेटंट प्रोटीन ए एचपीएलसीवरही चालवून पाहिलं. तिथे ०.७४ ग्रॅम प्रति लिटर आलं. किटने ०.४२ सांगितलं होतं. (एचपीएलसीला आपलाच शुद्ध माल स्टँडर्ड म्हणून लावला होता. त्यामुळे हा पुरावा शोषणाच्या आकड्यापासून पूर्ण स्वतंत्र नव्हता. अमिनो आम्ल विश्लेषण हातात नसतं तर मी तो एकटा मान्य केला नसता.)

आता घोडं किटपाशीच पेंड खात होतं, पण नेमकं कुठे?

डायल्युशनवर, म्हणजे सॅम्पल विरळ करण्यावर, सगळ्यांचा डोळा असतो आणि ते बरोबरच आहे. ०.४२ ग्रॅम प्रति लिटर म्हणजे मिलिलिटरला ४२० मायक्रोग्रॅम. त्याला किटच्या पट्ट्यात आणायला १० हजार पट विरळ करावं लागतं. माणसाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) आयजीजी मिलिलिटरला ७ ते १६ मिलिग्रॅम असतं. तिथे तर लाखांत विरळ करावं लागतं. दोन मायक्रोलिटर एकदम हजारात टाकणाऱ्याच्या हातून काय होतं ते पिपेटच्या टिपबाहेर चिकटलेला थेंब पाहिला की कळतं. तो थेंब दोन मायक्रोलिटरमध्ये मोठा हिस्सा असतो. पण तशी चूक एकदा वर जाते, एकदा खाली. आमचं सॅम्पल दोन वेगळ्या हातांनी, दहा-दहा पटीच्या चार पायऱ्यांनी, दर पायरीला नवी टिप घेऊन विरळ केलं. आकडा तोच.

हुक इफेक्टचीही शंका कुणीतरी काढली. अँटिबॉडी फार झाली की पकडणारी आणि खूण लावणारी अशा दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, सँडविच बनत नाही आणि आकडा उलट घसरतो. पण तो धोका मुख्यतः सगळं एकदम घालणाऱ्या किटमध्ये असतो. इथे मध्ये धुणं होतं. आणि हुक असता तर जास्त विरळ केल्यावर आकडा चढला असता. १० हजार पटीला ४२०, २० हजारला ४२६, ४० हजारला ४११ मायक्रोग्रॅम. सरळ रेषा.

पेशी वाढवायच्या माध्यमात गाईच्या वासराचं सीरम नव्हतं, त्यामुळे गाईच्या आयजीजीची भेसळ हा प्रश्नच नव्हता. बफरमध्ये सोडियम अझाइड नव्हतं. ते पेरॉक्सिडेझला मारतं आणि त्यामुळे रंग उतरतो. प्लेटच्या कडेच्या वेल गरम-थंड होण्याने वेगळ्या वाचल्या जातात, म्हणून सॅम्पल मधल्या ओळींत हलवलं. फरक नाही.

शेवटी माध्यमच रंग दाबत असेल, असं वाटलं. त्यासाठीची चाचणी ठरलेली आहे: सॅम्पलमध्ये माहीत असलेलं स्टँडर्ड मिसळायचं आणि ते किती परत सापडतं ते बघायचं. ८० ते १२० टक्क्यांत आलं तर ठीक मानतात. आमचं ९७ आलं.

म्हणजे किट पास. दुबार वेलमधला फरक पाच टक्क्यांच्या आत, कर्व्ह सुरेख, डायल्युशन सरळ, मिसळलेलं स्टँडर्ड परत मिळालेलं. माहितीपत्रकात लिहिलेली प्रत्येक अट पूर्ण होत होती आणि आकडा जवळपास निम्म्यावर होता.

बाटलीतलं स्टँडर्ड

मिसळून बघायच्या चाचणीत आम्ही किटचंच स्टँडर्ड मिसळलं होतं. ही पद्धत सगळीकडे अशीच लिहिलेली असते आणि माध्यमाचा दोष पकडायला ती पुरेशी असते. पण त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की स्टँडर्ड आमच्या माध्यमातही स्टँडर्डसारखंच वागतं. आमचा रेणू स्टँडर्डसारखा वागतो की नाही, हे त्या चाचणीला विचारलेलंच नव्हतं.

मग तीच चाचणी आमचा शुद्ध रेणू घेऊन केली. २० नॅनोग्रॅम मिसळले, सापडले ११ आणि थोडे. ५७ टक्के. सुपरनेटंटच्या आकड्यांचं गुणोत्तरही, ०.४२ भागिले ०.७४, बरोब्बर तेवढंच होतं. यानंतर माध्यमावर कुणी बोट ठेवलं नाही.

डायल्युशनची सरळ रेषा का फसली, तेही इथे उलगडतं. दर रेणू किटला अर्ध्याहून थोडा जास्त दिसत असेल, तर दुप्पट विरळ केल्यावरही तो तेवढाच दिसतो. आकडे निम्मे होत जातात, रेषा सरळ राहते. सगळीकडे सारख्या प्रमाणात होणारी चूक रेषेच्या सरळपणातून दिसत नाही. पावशेराचं वजनच हलकं असेल तर एक किलो आणि दोन किलो दोन्ही ‘बरोबर’ भरतात, तसं.

माहितीपत्रकात स्टँडर्डविषयी एक ओळ होती: अनेकांच्या एकत्र केलेल्या सीरममधून शुद्ध केलेलं मानवी आयजीजी. ही ओळ वाचून माणूस पुढे जातो, कारण ती आश्वासक वाटते. माणसाचं आयजीजी मोजायचंय, तर माणसाचंच स्टँडर्ड आहे, अजून काय हवं! पण सीरममधलं आयजीजी म्हणजे चार जातींचं मिश्रण. साधारण ६० ते ७० टक्के आयजीजी-१, २० ते ३० टक्के आयजीजी-२, ५ ते ८ टक्के आयजीजी-३ आणि आयजीजी-४ अगदी थोडं, चारेक टक्क्यांपर्यंत. असं मिश्रण प्राण्याला टोचून त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या, तर त्या मुख्यतः आयजीजी-१ ची ओळख शिकणार. एकाच क्लोनची अँटिबॉडी वापरली असेल तर ती आयजीजीच्या एकाच ठिकाणाला चिकटते. ते ठिकाण चारही जातींत तंतोतंत सारखं असेलच, याची हमी नाही. जातींच्या स्थिर भागांत ९० टक्क्यांहून अधिक अमिनो आम्लं जुळतात, पण चिकटणं-न चिकटणं उरलेल्या दोन-चारांवर ठरू शकतं.

कंपनीच्या तांत्रिक विभागाला विचारलं. उत्तर सभ्य आणि निरुपयोगी होतं: किट एकूण आयजीजीसाठी आहे, जातवार प्रतिसाद तपासलेला नाही. म्हणून तो आम्हीच तपासला. चारही जातींची शुद्ध प्रथिनं विकत मिळतात. प्रत्येकाचं शोषण मोजून, सगळी एकाच प्लेटवर ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला आणून चालवली. आयजीजी-१ वाचलं गेलं ५४, आयजीजी-२ आलं ४४, आयजीजी-३ आलं ४१, आयजीजी-४ आलं २८.

प्लेट रीडरमधून बाहेर काढली तेव्हा हे डोळ्यांनीही दिसत होतं. समान माल असलेल्या चार ओळी, आणि शेवटची उघडउघड फिकी. या एका प्लेटने जेवढं सांगितलं तेवढं आधीच्या सगळ्या तपासण्यांनी मिळून सांगितलं नव्हतं, आणि ती करायला एक दुपार पुरली. नवं किट घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ही प्लेट चालवावी असं माझं स्पष्ट मत आहे. विक्रेत्याकडे जातवार तक्ता असला तरी चालवावी.

चारही आकडे सीरममधल्या प्रमाणात मिसळले तर बेरीज ५० च्या जवळ येते. म्हणजे सीरमच्या सॅम्पलसाठी किट खोटं नाही. ज्याच्यासाठी बनवलं ते काम ते नीट करतं. त्याला एकाच जातीचा, तोही बिजागरी बदललेला रेणू मोजायला लावला होता.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतला खड्डा

उपाय किट बदलण्याचा नव्हता. आमच्याच शुद्ध रेणूचं घरचं स्टँडर्ड बनवलं. अमिनो आम्ल विश्लेषणाने त्याची तीव्रता ठरवली, छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवलं. एक नळी एकदाच वितळवायची, उरलेलं टाकून द्यायचं. या स्टँडर्डचा कर्व्ह किटच्या कर्व्हला समांतर होता, फक्त सरकलेला. समांतर असणं महत्त्वाचं होतं. कर्व्हचा उतारच वेगळा निघाला असता तर त्या किटवर हा रेणू मोजायचा नादच सोडावा लागला असता. नव्या स्टँडर्डवर तेच सुपरनेटंट ०.७३ आलं आणि कॉलमचा उतारा ९७ टक्के झाला.

मग जुन्या आकड्यांचा प्रश्न आला. सुचवलं गेलं की प्रत्येक जुना आकडा १.७६ ने गुणावा आणि मोकळं व्हावं. हिशेबाने ते बरोबर दिसतं, पण मला ते रुचलं नाही. दरम्यान किटचा नवा लॉट, म्हणजे कारखान्यात वेगळ्या वेळी बनलेला माल, आला होता. त्यावर आमचा रेणू ५७ ऐवजी ७१ टक्के वाचला गेला. म्हणजे गुणक १.७६ वरून १.४१ वर आला. कंपनीच्या दृष्टीने दोन्ही लॉट निर्दोष होते, कारण दोन्हींत स्टँडर्ड स्टँडर्डशी जुळत होतं. जुन्या नोंदींत काही प्लेटचा लॉट क्रमांक होता, काहींचा नव्हता. क्रमांक असलेले आकडे दुरुस्त करून त्यांना ‘अंदाजे’ असं लिहिलं. बाकीचे तसेच ठेवून त्यांच्यावर ‘तुलनेसाठी वापरू नये’ असा शेरा मारला. आता प्रत्येक प्लेटवर घरच्या रेणूचं एक कंट्रोल सॅम्पल असतं. लॉट बदलताना जुना आणि नवा एकाच दिवशी शेजारी-शेजारी चालवतात.

नुकसान किती झालं असतं, तेही पाहिलं. प्रयोगशाळेतल्या कॉलममध्ये जागा भरपूर होती, म्हणून जादा माल त्यात मावला आणि तेवढ्यानेच हा घोळ उघडकीला आला. मोठ्या प्रमाणावर कॉलम क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत भरायचं ठरलं होतं. किटच्या आकड्यावर विसंबून भरला असता तर प्रत्यक्षात क्षमतेच्या १४० टक्के माल त्यावर गेला असता. जादाची अँटिबॉडी न चिकटता सरळ निचऱ्यात वाहून गेली असती. तेव्हा उताराही १६८ टक्के दिसला नसता. बराच कमी दिसला असता.

क्लोनच्या निवडीला मात्र धक्का लागला नाही. सगळे क्लोन एकच रेणू बनवत होते आणि निवड एकाच लॉटवर झाली होती, त्यामुळे सगळे सारखेच कमी दिसले आणि क्रम टिकला.

दवाखान्याच्या बाजूने पाहिलं तर हीच अडचण वेगळ्या रूपात भेटते. मायलोमाच्या, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, अनेक रुग्णांच्या रक्तात एकाच क्लोनचं आयजीजी प्रचंड प्रमाणात असतं. त्याचा आकडा अँटिबॉडी वापरणाऱ्या पद्धतीवर एक येतो आणि इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेने प्रथिनं वेगळी करायच्या पद्धतीच्या) शिखरावरून मोजला तर दुसरा, कारण तो एकच रेणू सरासरी सीरमसारखा वागेलच असं नाही. म्हणून अशा रुग्णाचे आकडे एकाच पद्धतीवर, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत पाहत राहावेत असं सांगतात. सीरममधल्या प्रथिनांसाठी १९९३ पासून सीआरएम ४७० आणि २००८ पासून त्याच्या जागी आलेलं डीए४७०के हे संदर्भ द्रव्य आहे. त्याच्याशी जोडल्याने वेगवेगळ्या पद्धतींचे सीरममधल्या आयजीजीचे आकडे पुष्कळ जवळ आले. तेही अनेकांचं एकत्र केलेलं सीरमच आहे, त्यामुळे एका क्लोनच्या रेणूला त्याचा आधार तितका पुरत नाही.

आमच्याकडे शेवटी एक जुनी फाइल निघाली. दुसऱ्या एका प्रकल्पात एकच अँटिबॉडी आयजीजी-१ आणि आयजीजी-४ अशा दोन रूपांत करून पाहिली होती आणि ‘आयजीजी-४ रूप निम्मंच तयार होतं’ म्हणून ते सोडून दिलं होतं. मोजणी याच किटवर झाली होती. त्या वेळची सुपरनेटंट गोठवलेली होती. दोन्ही प्रोटीन ए एचपीएलसीवर चालवली. आयजीजी-४ थोडं मागे होतं, पण निम्मं नव्हतं. फरक १२ टक्क्यांचा निघाला. तो अहवाल त्या प्रकल्पाच्या गटाकडे पाठवला आहे. त्या पेशी अजून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या आहेत आणि पुढचा निर्णय त्या गटाचा आहे.